प्रश्न, छडी, उत्तर

मी बारा वर्षं लेकरांना मारलं. रागाच्या भरात मारणारे वेगळे; मी ठरवून, रोजच्या रोज मारायची. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर मी मास्तरीण होते. गावच्या नाल्याकाठी निरगुडी माजलेली होती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी विळा घेऊन मी तिथे जायची आणि वर्षभराची छडी स्वतः कापून आणायची. निरगुडी लवते पण लवकर तुटत नाही. वळ उमटतो, हाड मोडत नाही. हे मला कोणी सांगावं लागलं नाही, हा अभ्यास माझ्या स्वतःच्या पाठीवर झालेला होता.

आईबाप शाळेत येऊन सांगायचे, "बाई, चामडी तुमची, हड्डी आमची." आणि मी मागेपुढे पाहत नसे. साहेब तपासणीला आले की हेडमास्तर त्यांना आधी माझ्या वर्गात आणायचे. माझी पोरं उभी राहिली की एका दमात पाढे म्हणत, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नसत. मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करायला नको.

माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबायचा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता, आणि आपलं लेकरू शिकलंच पाहिजे ही गोष्ट तेव्हापासून त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी हातपाय धुतले की तो मला पुस्तक घेऊन समोर बसवायचा आणि मोठ्याने वाचायला लावायचा. मी बरोबर वाचते की चूक, हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नव्हता. म्हणून त्याने आपली एक खूण ठरवली होती: मी थांबले म्हणजे चुकले. थांबले की बैलाचा कासरा पाठीवर बसायचा. एकदा कासऱ्याची गाठ कानामागे लागली, तिथे अजूनही केस उगवत नाहीत. मग मी थांबायचंच सोडून दिलं. शब्द अडला की मनाचं काहीतरी जोडायची आणि वाचत सुटायची. कित्येक धडे मी त्याला माझेच रचून ऐकवले, आणि तो समाधानाने मान हलवत बसायचा.

त्या मारानेच मी डी.एड. झाले, नोकरीला लागले, सिमेंटच्या घरात आले, असं मला वाटायचं. विहारात एकदा भाषण करताना मी ते ठणकावून सांगितलंही होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवरा एसटीत कंडक्टर. अतिशय बोलका माणूस, गाडीतल्या अर्ध्या लोकांच्या सोयरिकी त्याला तोंडपाठ. नव्वद सालानंतर दोनेक वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, एकुलती एक. ती उशिरा बोलायला लागली. हाक मारली तर बघायची नाही. चपला एका रांगेत लावत बसायची आणि त्यातली एक कोणी हलवली की डोकं फरशीवर आपटायची. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून असा आवाज काढायची की शेजारी धावत यायचे. पण विहारात दर रविवारी ऐकून ऐकून पाचव्या वर्षी तिला आख्खं पंचशील पाठ झालं होतं. पहिलंच शील हिंसेपासून दूर राहण्याचं. ते ती माझ्या मांडीला मांडी लावून खणखणीत म्हणायची आणि मी तिच्यामागून म्हणायची. पोरगी हुशार आहे, नुसती आडमुठी आहे, असं मी ठरवून टाकलं.

सहाव्या वर्षी ती पहिलीत माझ्याच वर्गात बसली. मी चित्र दाखवून विचारायची, हे काय आहे? ती खिडकीच्या गजांकडे बघत राहायची. मनात एक, दोन, तीन म्हणायला लागतो तेवढाच वेळ माझ्या वर्गात कोणालाही मिळत असे. मग मी तिचा हात ओढून छडी मारायची. आणि एक-दोन, कधी जास्त छड्या पडल्या की थोड्या वेळाने ती स्पष्ट आवाजात म्हणायची, "बदक."

उत्तर बरोबर असायचं, दर वेळी. आता सांगा, छडीवरचा माझा विश्वास उडावा कसा? उलट तो दुप्पट झाला. शाळेत मारायची तशी मी तिला घरीही मारायला लागले. संध्याकाळी दोन तास अभ्यास. प्रश्न, छडी, उत्तर. प्रश्न, छडी, उत्तर. वर्गात बाकीच्या पोरांना एक बसली तर तिला दोन, बाई आपल्या पोरीला सूट देतात असं कोणी म्हणायला नको म्हणून.

ती रडायची नाही. अभ्यास झाला की मागे न्हाणीत जाऊन मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. मी सोडवायला गेले की मला चावायची. माझ्या दोन्ही दंडांवर तिचे दात उमटलेले असायचे. उन्हाळ्यातही मी लांब बाह्यांचं पोलकं घालायची. चावली म्हणून मी तिला पुन्हा मारायची, आणि तो मार ठरवलेला नसायचा. तेव्हा हात लागेल तिथे पडायचा. एकदा मी तिला केसांना धरून न्हाणीपासून चुलीपर्यंत ओढत आणलं. तिचे केस माझ्या मुठीत राहिले आणि ते बघूनही माझा राग गेला नाही.

नवऱ्याची ड्युटी मुक्कामी गाडीची असायची, त्यामुळे त्याच्या नजरेला यातलं थोडंच पडे. एकदा गाडी बिघडली म्हणून तो दिवेलागणीलाच घरी आला. पोरगी तळहात पुढे करून बसली होती आणि हात सुजून टम्म झाला होता. त्याने डबा ठेवला आणि माझ्या कानफटात मारली. मी भिंतीला जाऊन आपटले. लग्नानंतर त्याने माझ्यावर उचललेला तो एकच हात. मग त्याने छडी गुडघ्यावर दुमडून, पिळून तोडली आणि चुलीत घातली.

आता सगळं सुरळीत होईल असं त्याला वाटलं असणार. मलाही क्षणभर वाटलं. पण दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या वेळेला पोरगी पाटी घेऊन बसली, हात पुढे केला, आणि छडी नाही असं दिसताच उठून तिने दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, धरेपर्यंत पाच-सहा वेळा. भुवईवर कातडी फाटली. सरकारी दवाखान्यात टाके घालताना तिला चौघांनी दाबून धरलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौकट, रक्त, किंकाळ्या. शेवटी नवरा विळा घेऊन नाल्यावर गेला. ज्या माणसाने छडी जाळली, त्यानेच नवी छडी कापून आणली. ती माझ्या हातात देताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी हळूच मारली, नुसती टेकवली म्हणा. पोरीने हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला. तिला पूर्ण पाहिजे होती. ज्या जोराने रोज बसते, तेवढ्याच जोराने. मी मारली. ती "कमळ" म्हणाली आणि शांत झाली.

तिच्यासाठी चपलांची रांग जशी, तशी ती छडी होऊन बसली होती. मधली एक वस्तू काढली की सगळी रांग मोडत होती. आणि जिथे छडी नसे तिथे ती स्वतःच ती जागा भरून काढायची. गाडीत शेजारच्या बाईने गाव विचारलं की ही मुठीने आपल्या डाव्या कानशिलावर ठोसा मारायची, आणि मग गावाचं नाव सांगायची.

तिची दुसरीही माझ्याच वर्गात संपत आली, तेव्हा शेवटी आम्ही तिला वर्ध्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टेबलावर वाकून प्रेमाने विचारलं, बाळा, तुझं नाव काय? पोरीने कानशिलावर दोन ठोसे मारले. आवाज खोलीभर ऐकू आला. मग तिने नाव सांगितलं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. हे हिला कोणी शिकवलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, स्वतःच करते. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने मला उघडं पाडलं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

बाईंनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं, त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात हेही सांगितलं. हा आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी आहे, आणि हिची खरी शाळा घरीच भरवावी लागेल, असं त्या बराच वेळ समजावत होत्या. माझ्या डोक्यात त्यातलं फार शिरलं नाही. शिरलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासल्यावर सांगितलं ते. ठोशांनी डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा व्हायला लागली होती. हे असंच चाललं तर तो डोळा जाणार, आणि मग कदाचित दुसराही.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पोरीची मूठ आणि पोरीचा डोळा, एवढंच. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि तिचे हात मागे बांधले. हो, बांधले. खाऊ घालायची मी, धुवायची मी. हात बांधले तर ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. भिंतीला गादी लावली तर जमिनीवर आपटायला लागली. दहा-बारा दिवस आम्ही दोघी त्या खोलीत एकमेकींशी लढत होतो. एका सकाळी मी ओट्यावर तिच्या चिंध्या सोडत होते. हात मोकळे होताच तिने मला असं ढकललं की मी तीन पायऱ्या खाली पडले. उजवं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगू, बरं झालं असंच आधी वाटलं.

कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. त्या संध्याकाळी नवरा मला घरी सोडून सुट्टीचा अर्ज द्यायला डेपोत गेला. पोरगी नेमाने पाटी घेऊन आली, छडी माझ्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. मी म्हणाले, "नाई मारता येत मले आता. मोडला हात." तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिचं लक्ष प्लास्टरकडे गेलं. ती जवळ सरकली आणि दोन्ही हातांनी ते चाचपायला लागली. खरखरीत, अजून थोडं ओलसर. ती नखं घासत होती, बोटं फिरवत होती. सवयीने मी डाव्या हाताने पुस्तक उघडलं आणि विचारलं, हे काय आहे? आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. माझ्यात काही उरलंच नव्हतं. ती काय करते ते बघायचंही बळ नव्हतं.

आमच्या घरामागेच स्टँड होतं. सहाची गाडी आलेली मला ऐकू आली. माणसं उतरली, कोणीतरी टपावरून सायकल उतरवली, दार लागलं, घंटी वाजली, गाडी निघून गेली.

मग ती म्हणाली, "कुलूप."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात माझ्या प्लास्टरवरच होते. छडी माझ्या मांडीवर होती, तशीच.

मी पुढचं चित्र विचारलं. पुन्हा तेवढाच वेळ. पुन्हा उत्तर, बरोबर. तिसरं विचारताना मला हुंदका आवरेना, कारण काय झालं होतं ते माझ्या लक्षात आलं. उत्तर छडीने कधी आणलंच नव्हतं. ते आपलं आपण यायला निघालेलं असायचं, त्याला वेळ लागायचा. ते ओठांपर्यंत येण्याआधीच मी मारत होते, आणि मग ते आलं की माझ्या छडीने आणलं असं समजत होते. पोरीलाही तेच वाटत होतं. ठोसा मारला की उत्तर येतं, हे ती माझ्याकडूनच शिकली होती. दोन वर्षांत मी शिकवलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असं हे एकच होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

नवरा परतल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता आपल्याले थांबा लागन."

सांगायला सोपं. आमच्या घरात थांबणं कोणाला येत होतं? त्या बोलक्या माणसाने दाताखाली जीभ धरून बसायला शिकून घेतलं. मी मनात वीस म्हणायची, मग चाळीस. प्लास्टर निघालं त्या दिवशी पोरीने पुन्हा ठोसे मारले, नाकातून रक्त आलं, मला वाटलं सगळं संपलं. पण नवऱ्याने आपला तिकिटं छेदायचा जुना पंच तिच्या हातात दिला आणि फाटक्या कागदांचा गठ्ठा समोर ठेवला. हात गुंतलेले असले की मूठ वर जात नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ती कट् कट् छिद्रं पाडत बसायची आणि तो तिच्याकडे पाठ करून, बूट पुसत, हिंगणघाटच्या वाटेवरचा पुढचा थांबा विचारायचा. तिच्या तोंडाकडे कोणी बघत नसेल तर तिला सोपं जातं, हेही त्यालाच उमगलं. मी एवढी शिकलेली, आणि मला यातलं एकही उमगलं नाही. शेंगा फोडणं, कापसातली सरकी काढणं, कणीक मळणं, घरातलं प्रत्येक काम तिची शाळा झालं. वेळ लागेल तेवढा लागायचा.

काही सरळ झालं नाही. महिना चांगला जायचा आणि मग एखाद्या पाहुण्याने काय गं, बोलत काऊन नाई, असं चारदा विचारलं की मूठ कानशिलावर बसायची. मीही तिला त्यानंतर दोनदा मारलं. दोन्ही वेळा स्वयंपाकघरात, दोन्ही वेळा हाताने. आणि शाळेत तर पुढे दोन वर्षं छडी चालूच होती. घरी थांबायचं आणि वर्गात मारायचं, हे मी कसं करत होते ते मला आज सांगता येणार नाही. मारायचं सोडलं तेव्हा एक बाप भांडायला आला होता. बाई, आमच्या पोट्ट्याले मारत काऊन नाई, तो आमचा नाई का, असं त्याचं म्हणणं होतं. निकालही खाली आला. साहेब मग दुसऱ्या वर्गात जायला लागले.

डोळा वाचला. डाव्या कोपऱ्यातलं तिला दिसत नाही, त्या बाजूने कोणी आलं की दचकते. पण डोळा आहे.

ती चौदा-पंधरा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. दोन हजार सालानंतरची. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, दुपारी आम्ही दोघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. किती वर्षं मनात होतं ते मी विचारलं. तिच्याकडे न बघता विचारलं, "मी तुले मारत होतो, ते तुले आठवते का?"

तिचे हात चालत राहिले. मी वाट पाहिली. सुपात मूठभर दाणे जमले, दोन मुठी झाले. माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे होतं. इतकी वर्षं मी त्या हातावर तसाच डोळा ठेवून होते.

ती म्हणाली, "सोमवार. बदक. दोन."

मला आधी कळलं नाही.

"मंगळवार. बैल. तीन. एक कानावर. बुधवार. छत्री. एक. घरी चार. गुरुवार. छत्री. पाच." पंचशील म्हणायची त्याच सपाट आवाजात ती सांगत होती. दिवस, चित्र, किती बसल्या, कुठे बसल्या. मी विसरलेलं तिच्याकडे सगळं होतं. पट्टीने मारलेलं होतं, उलथण्याने मारलेलं होतं. केसांना धरून ओढलेला तो दिवस शनिवार होता. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, आणि त्यामुळे मला पळायला जागाच नव्हती. माफी मागावी तर ती ऐकायला थांबत नव्हती. मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. खरंच वाटला, माझा हात उचललाही गेला. मी तो मांडीखाली दाबून बसले.

आयुष्यात पहिल्यांदा ती एवढं मोठं उत्तर देत होती. तिची मूठ एकदाही वर गेली नाही. हात शेंगा फोडत होते, टरफलं एका बाजूला, दाणे सुपात.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा नवरा ड्युटीवरून आला. खांद्याची बॅग न काढताच तो पायरीवर उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळाने ती काय सांगते आहे ते त्याला कळलं. त्याचं तोंड उतरलं. तो पुढे आला आणि तिला गप्प करायला तिच्या खांद्याकडे हात न्यायला लागला.

मी म्हणाले, "थांबवू नका तिले. दुसरीचं वर्ष अजून आख्खं बाकी हाये."